जत्रेचा मान आणि मे महिन्यातली जयंती

चैत्र सरत आला की आपल्या बैठकांतून दरसाल एक वाद निघतो. 14 एप्रिलची जयंती अमक्या वाडीत 12 मेला का? तमक्या गावात तर बुद्ध पौर्णिमा होऊन गेल्यावर शनिवार गाठून! शहरात वाढलेले आपले काही दोस्त हसतात. म्हणतात, बाबासाहेब काय दोनदा जन्मले का? एका पोरानं तर ठरावच मांडला, की यापुढं जयंती 14 तारखेलाच, नाहीतर करूच नये. ठराव बारगळला, प्रश्न राहिला. सातारा-सांगलीकडच्या गावांतली ही उशिराची जयंती आली कुठून? ते सांगायचं तर आधी जत्रेत शिरावं लागतं.

पाडवा ते मृग हा कोरडवाहू गावाचा मोकळा काळ. शाळू मळून झालेला असतो, हरभरा-गहू घरात आलेला असतो. मृग निघतो 7 जूनच्या सुमाराला. तोवर नांगरट सोडली तर रानात फारसं काम नाही. पूर्वी वर्षातून एकदाच दाणे हातात यायचे ते याच दिवसांत. म्हणून लगीनसराई तेव्हाच आणि जत्राही तेव्हाच. माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेवाची यात्रा, मुंगी घाटातून चढणाऱ्या कावडी. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाची चैत्री यात्रा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर. तो कोल्हापुरात, पण सासनकाठ्या आपल्याकडून जातात. पहिल्या मानाची काठी साताऱ्यातल्या निनाम पाडळीची, पाठोपाठ पाटण तालुक्यातल्या विह्याची. मोठ्या यात्रा उरकल्या की मग गावोगावच्या भैरोबाच्या, नाथाच्या, जोगुबाईच्या. दसऱ्याला निघालेले तमाशाचे फड याच जत्रा करत बुद्ध पौर्णिमेपर्यंत फिरायचे आणि मग कनाती गुंडाळायचे. एका गावाची जत्रा झाली की शेजारच्या गावाची, अशा तारखा आगंमागं लावलेल्या. कारण सरळ आहे. पाहुणे तेच, बैलगाड्या त्याच, तमाशाही तोच.

वर शब्द आला तो नीट बघा. मान. पहिल्या मानाची काठी, दुसऱ्या मानाची काठी. जत्रेचं सगळं गणित या एका शब्दावर चालतं. पालखीला खांदा कुणाचा, नारळ कुणाचा, नैवेद्य आधी कुणाचा. आणि याच यादीत, अगदी तळाला, आपल्या आज्या-पणज्यांचाही मान होता. महाराचा मान! दवंडी देणं हा मान. जत्रेआधी गाव झाडणं हा मान. गावजेवणाला लाकडं फोडून टाकणं, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण घालणं, रात्रभर पालखीपुढं दिवटी धरून चालणं, पाहुण्यांच्या गाड्या राखत वेशीबाहेर बसणं, हे सारे मान. गावोगाव यात फरक होता, पण साचा एकच. बदल्यात बळीच्या जनावराचा ठरलेला वाटा आणि पंगत उठल्यावर जे उरेल ते. म्हारकीचे बावन्न हक्क म्हणून आमची म्हातारी माणसं छाती काढून सांगायची. त्यातले किती हक्क आणि किती वेठ, हे कुणी मोजलं नव्हतं.

त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गांव-गाडा' 1915 साली निघालं. सरकारी वसुली खात्यातला माणूस, त्यानं गावाची कामं जातवार लिहून ठेवली. ती वाचताना एक लक्षात येतं. महार ज्या दिवशी मोकळा आहे, असा दिवस गावाच्या वर्षात सापडत नाही. सण आला की काम वाढतं. पाटलाच्या घरी सण म्हणजे पोळी. तराळाच्या घरी सण म्हणजे पाळी. 'तराळ' हा शब्द आता पोरांना माहीत नसतो. म्हारकीची पाळी ज्याच्याकडं असेल तो तराळ. आटपाडीचे शंकरराव खरात अशाच तराळाच्या घरात 1921 साली जन्मले. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. त्यांचं 'तराळ-अंतराळ' 1981 साली आलं. पुढं हाच पोरगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि 1984 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही. ते पुस्तक ज्यानं वाचलं नसेल त्यानं जत्रेबद्दल बोलू नये, असं माझं मत आहे.

मांगवाड्याचा मान वेगळा. हलगी त्यांची, दोर त्यांचे. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी 1959 साली 'फकिरा' लिहिली, ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. कादंबरीची सुरुवातच जत्रेनं होते. गावाला जत्रा मिळावी म्हणून राणोजी मांग दुसऱ्या गावची जोगणी आणायला जातो आणि तिच्यापायी जीव देतो. अण्णाभाऊ त्याला वीर करतात, आणि तो वीर आहेच. मला दरवेळी वाचताना वाटतं, जत्रा गावाची, देवी गावाची आणि मुंडकं मात्र मांगाचं. अण्णाभाऊंनाही हे दिसत होतं. लहानपणी बापासोबत वाटेगावाहून पायी मुंबईला गेलेला हा माणूस. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा त्यांनी जत्रेतला तमाशा उचलला आणि गणातला गणपती खाली ठेवला. देवाच्या जागी मायभूमी आली, कष्टकरी आला. जत्रेची चीज घेऊन जत्रेचा देव नाकारायचा, ही युक्ती ध्यानात ठेवा. पुढं तीच कामाला येणार आहे.

एक उन्हाळा मात्र जत्रेचा नाही, तरी इथं सांगायलाच हवा. 1901 सालचा. भीमराव साताऱ्याच्या शाळेत. सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी तळ्याच्या कामावर खजिनदार. उन्हाळ्याच्या सुट्टीला पोरांनी आपल्याकडं यावं असं त्यांनी कळवलं. भीमराव, थोरले बंधू आणि बहिणीची पोरं आगगाडीनं मसूरला उतरली. अंगावर नवी कापडं, डोक्यावर भरजरी टोप्या. स्टेशन मास्तरनं प्रेमानं विचारपूस केली. महार आहेत हे कळलं आणि तो मागं सरकला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. तेही या अटीवर, की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्र झाली. डबा होता, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

मला त्यातली नवी कापडं विसरता येत नाहीत. कारण पुढं पन्नास-साठ वर्षांनी याच लायनीवर, मसूर, कऱ्हाड, ताकारी, रहिमतपूरला मे महिन्यात मुंबईहून आमची माणसं उतरायला लागली, तीही नव्या कापडांत. त्यांच्याकडं मी येतोच.

नकाराचा इतिहास आपल्याला तारखांनिशी पाठ आहे, म्हणून भराभर सांगतो. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1918 सालापासून म्हारकीचं वतन मोडायला घेतलं. 1927 च्या मार्चात महाडला बाबासाहेब म्हणाले, मेलेलं ओढू नका, उष्टं घेऊ नका. 1928 साली त्यांनी मुंबई कौन्सिलात वतन कायदा सुधारण्याचं बिल मांडलं, ते मागं घ्यावं लागलं. पण जत्रेपुरती खरी तारीख 30 आणि 31 मे 1936 ची. मुंबईच्या महार परिषदेत ठराव झाला, की धर्मांतराची पहिली पायरी म्हणून हिंदू देवांची पूजा, सण आणि यात्रा सोडाव्यात. मे महिना बघा. गावाकडं जत्रांची धामधूम आणि मुंबईत हा ठराव! पुढं वीस वर्षांनी, 24 मे 1956 ला बुद्ध जयंतीच्या सभेत, नरे पार्कवर, बाबासाहेबांनी सांगितलं की ऑक्टोबरात मी बौद्ध होणार. 14 ऑक्टोबरला नागपूर झालं. 1958 साली मुंबई राज्यानं कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा केला, आणि म्हारकी कागदावरूनही उठली.

कागदावरून उठणं सोपं असतं. 1957 च्या उन्हाळ्यात गावाची दवंडी द्यायला माणूस नाही, दिवटी धरायला माणूस नाही. गाव काय म्हणालं? "तुमचा मान तुम्हीच का टाकता?" हे वाक्य मी आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्यांकडून ऐकलंय, आणि प्रत्येकाला ते आपल्याच गावचं वाटतं. वेठीला मान म्हटलं की नकार देणारा उर्मट ठरतो, ही त्यातली मेख. मग जत्रेची पट्टी. देव मानत नाही तर पट्टी कशाची, असं आपलं म्हणणं. गावात राहायचं तर पट्टी द्यावीच लागेल, असं गावाचं म्हणणं. कुठं शेतावरचं काम बंद, कुठं किराणा बंद, कुठं दळण बंद. बहिष्कार म्हणजे काय हे आमच्या आयाबायांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आणि घरातली ओढ? तीही खरी होती. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातले पोतराज, अंगात येणं, आषाढातली देवदेवस्की यांचं जसंच्या तसं चित्र काढलंय. दैन्यातल्या बाईला वर्षातून दोन दिवस मिळणारा तो एकच विसावा होता. देव टोपलीत घालून नदीला सोडला, बरं केलं. पण लेक माहेराला कोणत्या निमित्तानं येणार? पाहुणा कधी येणार? पोरांना गोडाधोडाचं कधी मिळणार? देव गेला तशी जत्राही गेली, आणि मे महिना रिकामा पडला.

या रिकाम्या जागेत आपली जयंती उभी राहिली. जयंतीची परंपरा जुनी आहे. 1928 साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली जयंती केली. पण ती शहरात. वाडीवरची जयंती मुंबईच्या पैशावर उभी राहिली. गिरणीतला, गोदीतला, म्युनिसिपालटीतला आमचा माणूस एप्रिलच्या मध्याला येऊ शकत नव्हता. पोरांच्या परीक्षा, खात्यात रजा नाही, आणि 14 तारखेला मुंबईतही मिरवणूक होतीच, ती सोडून कोण येणार? मे महिन्यात शाळा सुटल्या की तो निघायचा. तिकडंच एका खोलीत गावचं मंडळ, तिथंच वर्गणी, तिथंच पत्रिका छापायची. गावात दोन गॅसबत्त्या, एक बँड, बैलगाडीत बाबासाहेबांचा फोटो आणि जलसा. शेजारच्या वाड्यांनी आपसात तारखा वाटून घेतल्या, कारण वक्ता तोच, बँड तोच, पाहुणे तेच. जत्रांच्या तारखा आगंमागं का असतात ते वर सांगितलंय. आपल्या माणसांनी तेच गणित उचललं आणि देव तेवढा बाजूला ठेवला. कुठं बुद्ध पौर्णिमा जोडली, कुठं जोतिबा फुल्यांची 11 एप्रिलही त्यातच घेतली आणि 'संयुक्त जयंती' म्हटलं.

म्हणून 12 मेच्या जयंतीला हसणाऱ्यांना माझा सवाल आहे. ही तारीख आळसानं ठरलेली नाही. रजेचा अर्ज, गिरणीचा पगार, लेकीचं माहेरपण आणि बँडवाल्याची सवड यांनी मिळून ती ठरवलीय. ज्याला वर्षातून पंधरा दिवस गाव मिळायचं त्या कामगारानं गावात आपला एक दिवस निर्माण केला. त्या दिवशी तो दिवटी धरत नव्हता. त्याच्या फोटोपुढं दिवटी होती. आणि मिरवणूक वेशीतून, चावडीवरून न्यायची की फक्त वस्तीतून, यावर ज्या मारामाऱ्या झाल्या त्या काही तारखेसाठी झाल्या नाहीत.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. त्यानंतर मुंबईची वर्गणी आटत गेली. काही वाड्यांची जयंती दोन-तीन वर्षं बंद पडली, काहींची शिक्षक आणि एस.टी.तल्या माणसांनी धरून ठेवली. पुढं पुण्याच्या कारखान्यांतली पोरं आली. आता डीजे आलाय. डीजेवर मी प्रवचन करणार नाही, जत्रेतही तोच वाजतो. पण एक सांगतो. महारवाडा जत्रेतून बाहेर पडला तेव्हा हलगी मांगवाड्याच्याच गळ्यात राहिली, आणि आपल्या जयंतीलाही कित्येक गावांत ती पैसे देऊन वाजवून घेतली जाते. वाजवणारा पंगतीत कुठं बसतो, हे या मे महिन्यात जाऊन बघा.

आणि दुसरं काम. जुन्या पत्रिका, वर्गणीच्या पावत्या, जमाखर्चाच्या वह्या गोळा करा. आपल्या जयंतीचा इतिहास त्यांतच आहे, दुसऱ्या कुणी तो लिहून ठेवलेला नाही. आमच्या वाडीची एक वही माझ्याकडं आहे, पानं वाळवीनं खाल्लेली. खर्चाच्या बाजूला गॅसबत्तीचं भाडं, गूळ, चुरमुरे, बँड, वक्त्याचं एस.टी.चं तिकीट. जमेच्या बाजूला नावं आणि पुढं गिरणीचं खातं लिहिलेलं: साचेखाता, रिंगखाता, बॉयलर. शेवटची ओळ एका बाईची, नावापुढं खातं नाही. तिनं दोन पायल्या शाळू दिला होता. तो जमेला धरावा की नाही यावर वाद झाला असावा, कारण ओळ एकदा खोडलीय आणि खाली दुसऱ्या अक्षरात पुन्हा लिहिलीय.