चिमुकली चिप, भली मोठी सही

२७ जून २०१७ ही तारीख आम्हा नवी मुंबईकरांपैकी जेएनपीटीच्या रस्त्यानं ये-जा करणाऱ्यांच्या चांगली लक्षात आहे. न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक त्या दिवशी बंद पडले. कामं हातानं करायची पाळी आली, कंटेनरचे ट्रक खोळंबले. गंमत म्हणजे घाला बंदरावर घातलेलाच नव्हता. 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या करहिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचं नेहमीचं अपडेट म्हणून आला आणि एका जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या खाडीपर्यंत पोचला.

आलेलं अपडेट खरोखर मालकानंच पाठवलंय का? माझ्या उमेदीच्या काळात हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात मी मोजणीयंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहीत असे. चिप होती ८०५१. इंटेलनं ती १९८० मध्ये काढली; प्रोग्रॅमला ४ किलोबाइट जागा आणि चालू कामासाठी मेमरी फक्त १२८ बाइट! सुधारणा करायची म्हणजे ईप्रॉम चिप काढायची, अतिनील दिव्याखाली पुसायची, पुन्हा लिहायची, पुन्हा बसवायची. लबाडी करायला माणसाला स्क्रूड्रायव्हर घेऊन यावं लागलं असतं. एकदा मात्र माझ्याच प्रोग्रॅमचा पसारा त्या १२८ बाइटांत मावेना. परतीचे पत्ते आकड्यांवर चढले आणि यंत्र भलतंच मोजू लागलं. दोन रात्री मी त्यावर घालवल्या. मेमरीचा हिशेब तेव्हापासून अंगात भिनला.

आता सुधारणा हवेतून येते. वीजमीटर असो, कुलूप असो की पंप, आतली चिप आलेल्या अपडेटवरची डिजिटल सही तपासते आणि मगच ते स्वीकारते. आज सर्रास वापरली जाणारी सही ६४ बाइटांची असते. पण १९९४ मध्ये पीटर शोर या गणितज्ञानं दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर जाहीर किल्लीवरून खासगी किल्ली काढता येईल. म्हणजे कंपनीची हुबेहूब खोटी सही! तेवढा मोठा संगणक अजून झालेला नाही, हे खरं. पण इमारतीच्या जिन्याखाली आज बसवलेला मीटर वर्षानुवर्षं तिथंच राहतो, आणि सही तपासायची रीत त्याच्यात आजच कोरलेली असते.

अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनं २०१६ मध्ये जगभरच्या गणितज्ञांकडून नव्या पद्धती मागवल्या आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यातल्या एकाचं नाव एमएल-डीएसए, मूळचं नाव डायलिथियम. त्याचा पाया म्हणजे अनेक मितींतल्या बिंदूंची जाळी. या जाळीगणिताशी आपल्या पवईचंही नातं आहे बरं का. आयआयटी मुंबईत शिकलेले रवी कन्नन यांनी १९८० च्या दशकात जाळीतला जवळचा बिंदू शोधण्याच्या पद्धती मांडल्या, आणि या नव्या सह्या फोडणं किती अवघड, हे मोजताना त्यांची रीत आजही वापरतात.

अडचण आकाराची. एमएल-डीएसएच्या मधल्या प्रकारात सही ३,३०९ बाइटांची. शिवाय तपासताना सहा ओळी आणि पाच रकान्यांचा तक्ता लागतो. त्याच्या प्रत्येक घरात २५६ संख्या, प्रत्येक संख्येला चार बाइट. गुणाकार करून पाहा: बरोबर ३० किलोबाइट! तुमच्या-माझ्या फोनला हे काहीच नाही, पण बाजारातल्या कितीतरी चिपांची सगळी मेमरीच याहून कमी असते.

मग हे बसवलं कसं? मला आवडली ती युक्ती अशी. तो तक्ता कुणी मनानं भरलेला नसतो; ३२ बाइटांच्या एका बीजातून तो ठरावीक रीतीनं निघतो. ज्याला पाढा तयार करता येतो तो पाढ्यांचं पुस्तक खिशात कशाला बाळगेल? चिप एक घर तयार करते, गुणते, बेरजेत टाकते आणि पुसते. पुढचं घर त्याच जागेवर. २०२२ मध्ये संशोधकांनी या सहीचा लहान प्रकार ८ किलोबाइटांच्या आत चालवून दाखवला. सही करताना मात्र अनेकदा प्रयत्न फसतो, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं आणि दर वेळी तक्ताही नव्यानं काढावा लागतो. तिथं वेळ जातो. पण अपडेटवर सही करतो तो कंपनीतला मोठा संगणक. भिंतीवरच्या चिपला फक्त ती तपासायची असते, आणि ते तुलनेनं पुष्कळ सोपं आहे.

वेगाची युक्ती जुनी आहे. २५६ पदांच्या दोन बहुपदींचा शाळेतल्या रीतीनं गुणाकार केला तर ६५,५३६ गुणाकार होतात. दोन्हींचं आधी विशिष्ट रूपांतर केलं, पदाला पद गुणलं आणि मग उलट फिरवलं, तर साडेतीन हजारांच्या आत भागतं. या रूपांतराचं मूळ गाउसच्या १८०५ च्या सुमाराच्या टिपणात सापडतं. ते टिपण छापलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर, आणि तरीही बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही. कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये तेच नव्यानं शोधलं.

निवृत्तीनंतर मी लॅमिंग्टन रोडवरून कॉर्टेक्स-एम४ चिपचा एक बोर्ड आणला. मेमरी १९२ किलोबाइट. माझ्या ८०५१ पुढे हा राजवाडाच! त्यावर मी ही पडताळणी चालवली, आणि जुन्या सवयीनं मेमरी किती लागते ते आधी मोजलं. खरं अपडेट दिलं, बोर्डावरचा हिरवा दिवा लागला. मग त्यातला एकच बाइट बदलून पुन्हा पाठवलं. तांबडा लागला.