पेटंट क्रमांक ७,५५,८४०

२९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेने जगदीशचंद्र बोस यांना विद्युतलहरी टिपणाऱ्या उपकरणाचे पेटंट दिले. त्यात गॅलिना या खनिजाचा, म्हणजे अर्धवाहकाचा, उपयोग होता. बोस स्वतः ज्ञानाच्या विक्रीविरुद्ध होते. अर्जासाठी आग्रह होता तो स्नेही सारा बुल यांचा. पुढे १९१७ साली कलकत्त्यात संशोधनसंस्था स्थापन करताना, येथील शोधांवर पेटंट घेतले जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

हा त्याग उदात्त खराच; पण कायदा हेतू पाहत नाही, नोंद पाहतो. शोध प्रसिद्ध झाला, की सामान्यतः त्याचे नावीन्य सरते आणि तो सर्वांचा होतो; वहीतच राहिला, तर उद्या दुसरा कोणी त्यावर हक्क मिळवू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांनो, पेटंट घ्या अथवा घेऊ नका. निर्णय मात्र शोधनिबंध धाडण्यापूर्वी करा.