स्मृतिभ्रंशात मेंदूचा रक्तपुरवठा का घटतो? उंदरांवरच्या प्रयोगांतून काय कळले?

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हा एकच आजार नाही, तो आजारांचा गट आहे. ताज्या गोष्टी विसरणे, बोलताना शब्द न सापडणे, ओळखीचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे ही त्याची लक्षणे. त्यात सर्वाधिक आढळतो तो अल्झायमर. त्याखालोखाल येतो रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणारा स्मृतिभ्रंश. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. अनेक घरांत मात्र ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून तो सोडून दिला जातो.

मेंदूला रक्त किती लागते?

मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास २० टक्के तो एकटा वापरतो. मेंदूकडे इंधनाचा मोठा साठा नसतो, त्यामुळे रक्त सतत वाहते राहावे लागते. शेवटच्या टप्प्यावर हे काम केशवाहिन्या करतात. त्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशींना त्यांतून एकामागे एक, रांगेनेच जावे लागते.

अल्झायमरच्या रुग्णांत हा पुरवठा घटलेला असतो. पेशी मरतात म्हणून रक्ताची गरज कमी होत असावी, असे पूर्वी मानले जाई. २०१६ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी १,१७१ लोकांच्या मेंदूच्या ७,७०० हून अधिक प्रतिमा तपासल्या. रक्तप्रवाहातील बिघाड आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात दिसतो, असे त्यात आढळले. पण तो का होतो, हे अशा प्रतिमांतून कळत नाही. माणसाच्या जिवंत मेंदूतील एकेक केशवाहिनी पाहणेही आजच्या स्कॅनना जमत नाही. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांची गरज पडते.

उंदरांना स्मृतिभ्रंश कसा होतो?

उंदरांना अल्झायमर आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो. काही मानवी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या अल्झायमर येतो. त्यांच्यातील सदोष जनुक उंदरात घातले की वय वाढेल तसा त्याच्या मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचते आणि स्मरणशक्ती ढासळते. असे उंदीर १९९० च्या दशकात तयार झाले.

दुसऱ्या प्रकारात थेट रक्तपुरवठाच कमी केला जातो. रॅट या मोठ्या उंदरांत मानेतील दोन्ही मुख्य धमन्या बांधतात. लहान उंदरांत त्याच धमन्यांभोवती बारीक तारेचे वेटोळे बसवून त्या अरुंद करतात. ही दुसरी पद्धत जपानमधील संशोधकांनी २००४ मध्ये मांडली.

भारतात अशा प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली देखरेख असते.

वाहते रक्त कसे पाहतात?

उंदराला भूल देऊन कवटीचा छोटा तुकडा काढतात आणि तिथे काच बसवतात. रक्तात चमकणारा रंग सोडतात. मग दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने मेंदूच्या वरच्या थरातील केशवाहिन्या पाहतात. रंग रक्तद्रवात मिसळतो, पेशींत शिरत नाही. त्यामुळे पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. ठिपके सरकत असतील तर रक्त वाहते आहे. ते जागच्या जागी असतील तर वाहिनी तुंबली आहे. भुलीची औषधेही रक्तप्रवाह बदलतात, म्हणून काही प्रयोग उंदीर जागा असताना करतात.

तुंबण्याचे कारण काय?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ख्रिस शॅफर आणि नोझोमी निशिमुरा यांच्या गटाने हे काम केले. अल्झायमरच्या उंदरांत सुमारे २ टक्के केशवाहिन्या तुंबलेल्या होत्या. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आतून भिंतीला चिकटल्याने तसे होत होते. २ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण एक वाहिनी तुंबली की तिच्या पुढच्या वाहिन्यांतील वेगही मंदावतो. या पेशींवर काम करणारे प्रतिपिंड दिल्यावर प्रवाह वाढला आणि काही तासांत उंदरांची स्मृतीच्या चाचणीतील कामगिरी सुधारली. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने दुसरे कारण दाखवले. केशवाहिन्यांना बाहेरून वेढणाऱ्या पेरिसाइट पेशी अमायलॉइडमुळे आवळतात आणि वाहिनी अरुंद होते. हे उंदरांबरोबरच माणसाच्या मेंदूच्या नमुन्यांतही दिसले.

तुंबलेल्या वाहिन्या शोधायला हजारो चित्रफिती डोळ्यांनी तपासाव्या लागतात. त्यासाठी २०१६ मध्ये ‘स्टॉल कॅचर्स’ हा ऑनलाइन खेळ सुरू झाला. त्यात सामान्य लोकही ही तपासणी करतात.

मग औषध का आले नाही?

कॉर्नेलच्या प्रयोगातील प्रतिपिंड ज्या रेणूला पकडते, तो माणसाच्या न्यूट्रोफिलवर नसतोच. शिवाय न्यूट्रोफिल जंतूंशी लढतात. त्यांना दीर्घकाळ रोखले तर संसर्गाचा धोका वाढतो. प्रयोगशाळेतला उंदीर जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो. वीस वर्षांचा रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू त्याच्या वाट्याला आलेली नसते.

उंदीर आणि माणूस यांतले हे अंतर किती असते, हे हळदीच्या उदाहरणावरून समजते. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा गाव वसमत तालुक्यात येते आणि हा भाग हळदीसाठी ओळखला जातो. ‘हळदीने अल्झायमर बरा होतो’ असे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांचे मूळ उंदरांवरील प्रयोगांतच आहे. हळदीतील कर्क्युमिनने उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड कमी झाल्याचे २००१ मध्ये अमेरिकेत आढळले होते. पण २००८ मध्ये हाँगकाँगमध्ये ३४ आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात ३६ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. या चाचण्या लहान होत्या, तरी संदेशातील दावा त्यांतून सिद्ध होत नाही. स्वयंपाकातली हळद जरूर वापरावी, पण तिच्या भरवशावर उपचार थांबवू नयेत.

आज हाती काय आहे?

मेंदूच्या रक्तवाहिन्या जपण्याचा एक मार्ग माणसांवरच तपासला गेला आहे. अमेरिकेत ९,३०० हून अधिक लोकांवर झालेल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात स्मृतीच्या सौम्य बिघाडाचे प्रमाण १४० चे लक्ष्य असलेल्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळले. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबत फरक ठामपणे दिसला नाही. रक्तदाबाचे लक्ष्य आणि गोळ्या डॉक्टरच ठरवतात.

रक्तदाब आणि साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. घरातील कुणाचे विस्मरण रोजच्या व्यवहारात अडथळा आणू लागले असेल तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार किंवा ब जीवनसत्त्वाची, विशेषतः बी-१२ ची, कमतरता यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत.