पहिली रायफल

माझी पहिली रायफल मी १९६९ साली निवडली. घ्यायची मात्र अजून राहिली आहे.

निवड झाली ती महालातल्या मामांच्या वाड्यात, माडीवर. आमचे मामा जंगल खात्यात हेडक्लार्क. त्यांनी वाघ पाहिला होता तो फक्त महाराजबागेतला आणि तोही गजांपलीकडचा. पण शिकारीची परमिटे लिहून लिहून कोणत्या ब्लॉकात किती चितळ मारता येतात, हे त्यांना रामरक्षेसारखे पाठ होते. मी विशीतला, डोक्यात शिकारकथांचा धूर. गुरू म्हणून मामांखेरीज दुसरे कोण मिळणार?

मामांचे दैवत म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्साइथ. १८६१ साली नागपूर राजधानी करून मध्य प्रांत तयार झाला, तेव्हा हे साहेब इकडच्या जंगलांतून हिंडत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी पचमढीला ‘बायसन लॉज’ बांधला. त्यांचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ निघाले १८७१ साली, आणि त्याच साली ते गेले. पण त्याआधी त्यांनी नुसत्या शिकारी रायफलीवर एक पुस्तक लिहिले होते. मामांनी त्यातली टिपणे वहीत उतरून घेतली होती. लाल शाईने अधोरेखित वगैरे.

साहेबांचे म्हणणे असे : गोळी जड आणि गोल घ्या, दारू भरपूर घाला आणि नळीतल्या आट्यांचा पीळ अगदी सैल ठेवा. पीळ घट्ट असला आणि दारू जास्त झाली, तर गोळी आटे सोडून सरळ निसटते. पीळ सैल असला की दारू वाढवता येते, आणि दारू वाढली की वेग वाढतो.

“पण वेग कशाला पाहिजे, मामा?”

मामांनी कोनाड्यातले संत्रे उचलले आणि हात लांब करून सोडले. ते फरशीवर पडून फुटले.

“पाहिलंस? गोळी आडवी सुटली तरी ती याच्यासारखीच खाली पडत असते. पाव सेकंदात एक फूट, अर्ध्या सेकंदात चार फूट. वेळ दुप्पट की घसरण चौपट! वेग असला म्हणजे पडायला वेळच मिळत नाही. लांबचा नेम म्हणजे डोळा नव्हे रे, अंतराचा अंदाज.”

“अन् फरशी कोण पुसेल बाप्पा?” आतून मामींनी विचारले. “आधी त्या सायकलचा ब्रेक दुरुस्त करा म्हणावं. निघाले मोठे वाघ मारायले!”

मला हवी होती थ्री-नॉट-थ्री. मामांनी मान हलवली. ते फौजेचे माप, आपल्याला मिळायचे नाही. मग त्यांनी इतिहास सांगितला, तो मी शाळेत शिकलो नव्हतो. १८७८ साली लिटनसाहेबाने हत्यारांचा कायदा केला. परवाना लागायचा तो आपल्याला, गोऱ्यांना बहुतेक सूट. पुढे १९०७ च्या सुमारास सरकारला धास्ती पडली, की साडेचारशे बोअरच्या शिकारी गोळ्या बंडखोरांच्या जुन्या फौजी बंदुकांच्या कामी येतील. म्हणून ते माप हिंदुस्थानात बंद केले. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगेच चारशे सत्तरसारखी नवी मापे काढली. म्हणजे गोळीची जाडी हत्तीच्या कातडीवरून ठरत नव्हती, सरकारच्या काळजावरून ठरत होती! आपल्या वाट्याला इशापूरच्या कारखान्याची तीनशे पंधरा बोअर आली तीही त्यामुळेच. तिची गोळी फौजेच्या रायफलीत बसत नाही.

आमच्या नागपूरने या कायद्याशी थेट भांडण काढले होते. १९२७ साली मंचरशा आवारींनी, म्हणजे आमच्या जनरल आवारींनी, उघड्या तलवारी घेऊन भर रस्त्यातून सत्याग्रह केला. गांधीजींना तो पसंत पडला नाही. अहिंसा आणि तलवार यांचा मेळ त्यांना बसेना. मामा तेव्हा बारा वर्षांचे. ते घरातली विळी घेऊन मिरवणुकीमागे निघाले आणि आजीने त्यांना कान धरून परत आणले. मामांचा सशस्त्र लढा तेवढाच. स्वराज्यात १९५९ साली नवा कायदा आला, परवाना राहिलाच.

तेव्हा तीनशे पंधरा ठरली. मामांनी परवान्याचा अर्ज आपल्या वळणदार अक्षरात लिहूनही ठेवला.

अर्ज देण्याआधी एकदा जंगल पाहावे म्हणून जानेवारीत आम्ही उमरेडकडच्या एका पाटलांबरोबर निघालो. परमिट त्यांचे, रायफल त्यांची. संध्याकाळी नाल्यापलीकडे चितळ दिसले. पाटील म्हणाले, “लई लांब हाय. जाऊ द्या.”

मी पुस्तकी माणूस. म्हणालो, “दीडशे यार्ड. मारा.”

माझ्या शब्दावर त्यांनी नेम धरला. चितळ कोसळले, उठले आणि तीन पायांवर झुडपात शिरले. नंतर पावले मोजली, तर सव्वादोनशेच्या वर भरली. अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचे ठिपके शोधत हिंडलो. कंदील घेऊन पुन्हा गेलो. मिळाले नाही. पाटील मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

परतताना बसमध्ये मामा एवढेच म्हणाले, “संत्रं फुटलं तर फरशी पुसता येते रे.” घरी आल्यावर त्यांनी अर्ज ट्रंकेत टाकला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे शिकार बंद झाली. पुष्कळ शिकारी हळहळले. मला मात्र कोणी आपली लाज झाकल्यासारखे वाटले.

आता नात मागे लागली आहे. पॅरिसला २०२४ साली कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलीत कांस्य पदक मिळवले, तेव्हापासून.

“आजोबा, पहिली रायफल कोणती घ्यायची?”

“सगळ्यांत लहान,” मी म्हणालो. “हवेची. साडेचार मिलिमीटरची गोळी, दहा मीटर अंतर.”

“एवढं जवळ?”

“दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आधी श्वास आवरायला शीक. लांबचं पुढे. आणि अंतर कोणाच्या सांगण्यावरून धरू नकोस, स्वतः मोज.”

परवा तिचा पहिला कागद पाहिला. सगळी भोके एका कोपऱ्यात. मी कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला, मामांच्या अर्जाशेजारी. तिला क्लबात नेण्यासाठी सायकल काढली, तर ब्रेक लागेना.