सागाचे ओंडके : एका राज्याचा अंत, दुसऱ्याची युक्ती

ओला साग पाण्यावर तरंगत नाही. त्यामुळे ब्रह्मदेशात आणि सयाममध्ये (आजचे थायलंड) तोडीच्या दोन-तीन वर्षे आधी झाडाच्या बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते उभ्याउभ्या वाळवले जाई. मग तोड होई, हत्ती ओंडके ओढ्यापर्यंत आणत आणि पुराची वाट पाहिली जाई. सयामचे ओंडके चाओ फ्रायातून बँकॉकला पोहोचत. ब्रह्मदेशाचे रंगून व मौलमीनला. तंत्र एकच होते. मोठे मक्तेदारही बहुतांशी ब्रिटिशच. तरीही या व्यापाराने दोन्ही देशांना वेगवेगळ्या वाटांनी नेले.

१८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने वरच्या ब्रह्मदेशातील निंग्यानच्या जंगलांचा मक्ता मिळवला. ऑगस्ट १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने कंपनीवर ठपका ठेवला की, नेलेल्या ओंडक्यांच्या मानाने तिने भरलेला कर फार कमी आहे. दंड झाला सुमारे २३ लाख रुपये. इंग्रजांना खरी धास्ती होती ती मंडालेत वाढणाऱ्या फ्रेंच प्रभावाची. ओंडक्यांच्या हिशेबाने त्यांना निमित्त पुरवले, इतकेच. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरअखेर मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाले. थिबा राजाची रवानगी रत्नागिरीला झाली. १९१६ मध्ये तेथेच त्याचा देहान्त झाला.

सयाममध्येही भांडणाचे बीज तेच होते. चियांग माईचे स्थानिक राजे एकाच जंगलाचा मक्ता अनेकांना देत आणि नाडले गेलेले ब्रिटिश प्रजाजन दाद मागत. परंतु चुलालोंगकोर्न राजाच्या दरबाराने वेगळा मार्ग धरला. १८७४ व १८८३ मध्ये ब्रिटिशांशी करार करून हे तंटे चौकटीत आणले गेले. १८९६ मध्ये शाही वनखाते उघडले आणि त्याच्या प्रमुखपदी ब्रह्मदेशातील ब्रिटिश वनाधिकारी हर्बर्ट स्लेड यांनाच नेमले. मक्ते ब्रिटिशांकडेच राहिले. जंगलावरचा अधिकार मात्र स्थानिक राजांकडून बँकॉककडे आला. साम्राज्याचाच अधिकारी पगारावर ठेवून साम्राज्याला तक्रारीची जागा न ठेवणे, ही मुत्सद्देगिरी दाद देण्याजोगी आहे. चियांग माईच्या राजघराण्याला ती तशी वाटली नसावी.

राज्य वाचले, जंगल वाचले नाही. १९६१ मध्ये थायलंडच्या निम्म्याहून अधिक भूमीवर वन होते. १९८८ पर्यंत ते सुमारे २८ टक्क्यांवर आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दक्षिणेकडील अतिवृष्टीत उघड्या डोंगरांवरून चिखल आणि ओंडके गावांवर कोसळले. शेकडो माणसे दगावली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने जंगलतोडीचे सर्व मक्ते रद्द केले.

थायलंडच्या आरागिरण्यांना मात्र लाकूड हवेच होते. डिसेंबर १९८८ मध्येच थायी सेनाप्रमुख चावलित रंगूनला जाऊन आले होते. सप्टेंबरात सत्ता बळकावलेल्या तेथील लष्कराला परकीय चलनाची निकड होती. सीमेलगतच्या जंगलांचे ठेके थायी कंपन्यांना मिळाले. एका देशाची तोडबंदी दुसऱ्या देशात कुऱ्हाड घेऊन गेली. केरेन बंडखोरही आपल्या मुलुखातील ओंडक्यांवर कर घेत, त्यामुळे एकाच जंगलातून युद्धाच्या दोन्ही बाजूंना पैसा मिळे. १९९३ अखेर हे ठेके संपवण्यात आले.

थायलंडनंतर पाव शतकाने, १ एप्रिल २०१४ रोजी, म्यानमारने अखंड ओंडक्यांची निर्यात थांबवली. तोवर तेथील सागाच्या ओंडक्यांचा सर्वांत मोठा ग्राहक होता भारत.