कॉटेजचा इतिहास वाचताना : जे उरलं ते आणि जे उरलं नाही ते

मराठीत 'कॉटेज' म्हटलं की आपल्याला माथेरान किंवा महाबळेश्वरचा रिसॉर्ट आठवतो. इंग्लंडमध्ये मात्र या शब्दाला एक जुना आणि बराच कडू इतिहास आहे. आज तिथे तीनशे-चारशे वर्षं जुनं कॉटेज आठवड्याभरासाठी भाड्याने घेता येतं. दिवसभर शेतांमधल्या पायवाटा तुडवायच्या आणि रात्री जुन्या तुळयांखाली झोपायचं, अशी ही सुट्टी असते. राहणाऱ्याला वाटतं की आपण 'जुन्या काळच्या खेड्यात' राहून आलो. हे वाटणं कितपत बरोबर आहे? आजचा लेख याच प्रश्नावर आहे. विषय सुट्टीचा असला तरी पुरावा कसा वाचायचा, हे शिकायला तो फार उपयोगी पडतो.

एक उदाहरण : आर्लिंग्टन रो

ग्लॉस्टरशायरमध्ये कोल्न नदीच्या काठी बायबरी नावाचं गाव आहे. तिथली 'आर्लिंग्टन रो' ही दगडी घरांची ओळ इंग्लंडमधल्या सर्वाधिक फोटो काढल्या जाणाऱ्या जागांपैकी एक आहे. ही ओळ आज नॅशनल ट्रस्टच्या मालकीची आहे आणि तिच्यातलं एक घर पर्यटकांना भाड्याने मिळतं.

पण ही इमारत मुळात घर नव्हतीच. साधारण १३८० च्या सुमारास ती मठाचं लोकर साठवण्याचं कोठार म्हणून बांधली गेली. सतराव्या शतकात कोठाराचे भाग पाडून विणकरांसाठी छोटी घरं केली. समोरच्या पाणथळ कुरणाला आजही 'रॅक आयल' म्हणतात, कारण विणलेलं कापड तिथे रॅकवर वाळत घालत. पुढे हाताने विणण्याचा धंदा बसला. १९२९ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने ही ओळ विकत घेऊन वाचवली आणि १९४९ मध्ये ती नॅशनल ट्रस्टकडे आली.

म्हणजे कोठार, विणकराचं घर, जतन केलेली वास्तू आणि सुट्टीचं घर, असे एकाच भिंतींचे चार जन्म झाले. 'हे घर कोणत्या काळातलं?' या प्रश्नाला इथे एक उत्तर नाही. आधी 'घराचा कोणता भाग?' आणि मग 'कोणता वापर?' असं विचारावं लागतं.

लाकूड काय सांगतं?

विज्ञान शाखेतल्या वाचकांना हा भाग जवळचा वाटेल. जुन्या घराचं वय काढायची सर्वांत नेमकी पद्धत म्हणजे वृक्षवलयांवरून कालमापन, अर्थात डेंड्रोक्रोनॉलॉजी. ओकच्या झाडात दरवर्षी एक वलय तयार होतं. चांगल्या वर्षी ते रुंद असतं, वाईट वर्षी अरुंद. एका भागातल्या झाडांमध्ये हा रुंद-अरुंद क्रम बराचसा सारखा येतो. तुळईत बारीक भोक पाडून नमुना काढायचा, वलयं मोजायची आणि आधीच तयार असलेल्या मोठ्या क्रमाशी जुळवून पाहायची. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएममध्ये सागवानाच्या वलयांवरून पूर्वीच्या पावसाचा अभ्यास झाला आहे. मूळ तत्त्व तेच आहे.

पण या पद्धतीने मिळणारी तारीख झाड तोडल्याची असते, घर बांधल्याची नाही. सालीपर्यंतची सगळी वलयं शाबूत असतील तर तोडणीचं नेमकं वर्ष मिळतं. साल गेली असेल आणि रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचा फिकट थर, अर्धवट उरला असेल तर अंदाज करावा लागतो. इंग्लिश ओकसाठी या थरात साधारण ९ ते ४१ वलयं धरतात, म्हणजे तारखेला तीसेक वर्षांची मोकळीक येते. रसकाष्ठ अजिबात नसेल तर 'अमुक वर्षानंतर कधीतरी' इतकंच म्हणता येतं. ओक बहुधा ओला असतानाच वापरत, म्हणून तोडणी आणि बांधणी यांत फार अंतर नसे. तरी एका घराची तुळई काढून दुसऱ्या घराला लावण्याची रीत होतीच. त्यामुळे एकाच नमुन्यावर विसंबता येत नाही.

दुसरा पुरावा छपरात असतो. डेव्हनमध्ये जुनं शाकारलेलं छप्पर पूर्ण उतरवत नसत. वरचा कुजलेला थर काढून त्यावर नवा चढवत. त्यामुळे काही घरांत सर्वांत खालचा थर मध्ययुगापासून जसाच्या तसा राहिला. तो धुराने काळाकुट्ट झालेला असतो. याचा अर्थ घरात तेव्हा धुराडं नव्हतं, जमिनीच्या मधोमध चूल पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. त्या काजळीनेच काडाला टिकवलं. जॉन लेट्स यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा छपरांतल्या वनस्पती ओळखल्या आहेत. त्यांत गहू आणि राय यांची ताटं आहेत, शेतातलं तणही आहे आणि ही ताटं आजच्या बुटक्या वाणांपेक्षा खूप उंच आहेत. त्या काळच्या शेताचा नमुनाच छपरात जपला गेला.

आता व्यवहाराचा मुद्दा. कॉटेज 'आरामदायी' करताना हा काळा थर घाण म्हणून फेकून दिला तर पुरावा कायमचा गेला. जतन आणि नूतनीकरण यांत हा फरक आहे.

मग गरिबाचं घर कुठे गेलं?

इथपर्यंत आपण जे उरलं ते वाचलं. खरी गोम पुढे आहे.

मुळात कॉटेज म्हणजे फारशी जमीन नसलेल्या माणसाचं घर. १५८९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये चार एकर जमीन जोडल्याशिवाय नवं कॉटेज बांधायला बंदी घातली होती. हा कायदा १७७५ पर्यंत पुस्तकात होता. भूमिहीनांनी गावात घर करू नये, हाच त्याचा रोख.

आता १८६० च्या दशकात या. डॉ. हंटर यांनी सरकारच्या आरोग्य खात्यासाठी शेतमजुरांच्या घरांची पाहणी केली. कार्ल मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये तिचे आकडे वापरल्यामुळे ती पुढे गाजली. हंटर यांनी ५,३७५ कॉटेजेस तपासली. त्यांतल्या २,१९५ घरांत झोपायची एकच खोली होती आणि अनेकदा तीच राहायचीही खोली असे. २,९३० घरांत दोन खोल्या होत्या. दोनपेक्षा जास्त खोल्या असलेली घरं होती फक्त २५०. म्हणजे पाच टक्क्यांपेक्षाही कमी!

आज भाड्याने मिळणारी बहुतेक ऐतिहासिक कॉटेजेस पाहिली तर जाड भिंती, भक्कम ओक आणि तीन-तीन झोपायच्या खोल्या दिसतात. यांतली कित्येक घरं मुळात बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्यांची होती. काही ठिकाणी तर मजुरांची दोन-तीन घरं मधल्या भिंती फोडून एक केलेली असतात. हंटर यांच्या यादीतल्या घरांची बहुसंख्या आज उभी नाही.

का नाही? 'कच्ची होती म्हणून पडली' हे अर्धंच उत्तर झालं. त्या काळी प्रत्येक पॅरिशला आपल्या हद्दीतल्या गरिबांचा खर्च कर लावून उचलावा लागे. ज्या जमीनदाराकडे सगळं गाव असे, त्याच्या दृष्टीने मजुराचं घर पाडलं की कराचं ओझं कमी होई. मजूर शेजारच्या गावात दाटीवाटीने राही आणि मैलोन् मैल चालत कामावर येई. हंटर यांनी अशा ८२१ पॅरिश आणि वस्त्यांची नोंद केली आहे. १८५१ ते १८६१ या दहा वर्षांत तिथली लोकसंख्या पाच टक्क्यांहून थोडी जास्त वाढली आणि राहायची जागा मात्र साडेचार टक्क्यांनी घटली. १८६५ मध्ये हा खर्च पॅरिशऐवजी अनेक पॅरिशच्या संघावर टाकला गेला, तेव्हा घरं पाडण्यामागचं हे कारण संपलं. तोवर बरंच काही नाहीसं झालं होतं.

संख्याशास्त्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. टिकलेल्यांवरून सगळ्यांबद्दल बोललं की होणारी ही फसगत. इथे ती जास्त गंभीर आहे, कारण गाळणी आपोआप लागलेली नाही. कुणाचं घर राहावं आणि कुणाचं जावं, हे कायदा आणि मालकी यांनी ठरवलं.

सुट्टीच्या घरांनी वाचवलं आणि बिघडवलंही

विसाव्या शतकात मोठे वाडे-किल्ले वाचवणाऱ्या संस्था होत्या, पण लहान इमारतींना वाली नव्हता. या उणिवेतून जॉन आणि ख्रिश्चन स्मिथ या दांपत्याने १९६५ मध्ये लँडमार्क ट्रस्ट स्थापन केला. त्यांची कल्पना सोपी होती. पडायला आलेली इमारत दुरुस्त करायची, सुट्टीसाठी भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यातून तिची देखभाल करायची. आज त्यांच्याकडे सुमारे दोनशे इमारती आहेत. प्रत्येक ठिकाणी त्या वास्तूचा इतिहास सांगणारी वही ठेवलेली असते. वॉरविकशायरमधलं अ‍ॅस्टली कॅसल १९७८ मध्ये आगीत जळालं होतं. त्याच्या भग्न भिंतींच्या आत त्यांनी नवं घर बसवलं आणि २०१३ मध्ये त्याला वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. सुट्टीच्या पैशाशिवाय यातलं बरंच काही उभं राहिलं नसतं, हे मान्यच करायला हवं.

पण दुसरी बाजू वेल्समध्ये दिसते. तिथल्या खेड्यांतली घरं बाहेरचे लोक सुट्टीसाठी घेऊ लागले, किमती चढल्या आणि वेल्श बोलणाऱ्या तरुणांना आपल्याच गावात घर परवडेना. डिसेंबर १९७९ पासून 'मेबियन ग्लिंडूर' या गटाने सुट्टीच्या घरांना आगी लावायला सुरुवात केली. साधारण बारा वर्षांत अशा दोनशेहून अधिक घटना घडल्या. जाळपोळीचं समर्थन कुणी करणार नाही, पण कारण खोटं नव्हतं. एप्रिल २०२३ पासून वेल्समधल्या स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कौन्सिल टॅक्स लावायचा अधिकार आहे, तो याच प्रश्नामुळे. १५८९ मध्ये गावात घर कुणाचं असावं हा वाद होता आणि आजही वाद तोच आहे.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय पेशींचा असो, दगडांचा असो वा कागदपत्रांचा, नमुना हातात आला की वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहा.

१. मला मिळालेली तारीख नेमकी कशाची आहे? झाड तोडल्याची की घर बांधल्याची?

२. या वस्तूचा वापर मधल्या काळात किती वेळा बदलला?

३. हा नमुना माझ्यापर्यंत कोणत्या गाळणीतून आला? ती गाळणी आपोआप लागली की कुणी लावली?

४. जे माझ्यापर्यंत आलं नाही, त्याची नोंद दुसरीकडे कुठे सापडेल?

चौथा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खातो, कारण त्याचं उत्तर बहुधा आपल्या विषयाच्या बाहेर असतं. पाडलेल्या कॉटेजेसचा पत्ता वास्तुशास्त्राच्या पुस्तकात लागला नाही. तो लागला एका डॉक्टरने आरोग्य खात्याला दिलेल्या अहवालात.