वेष्टनावरील नाव

हैदराबादच्या बाजारपेठेविषयी लिहिताना मोती, अत्तर आणि लाखेच्या बांगड्या यांचा उल्लेख हटकून होतो. माल ज्यात बांधून दिला जातो त्या वेष्टनाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे नाते कसे पालटत गेले, हे आमच्या मते त्या वेष्टनातच स्पष्ट दिसते.

बेगमबाजारातील किराणा दीर्घकाळ पोत्यांतून आणि डब्यांतून सुटाच विकला गेला. रद्दीच्या कागदाचा पुडा, सुतळी आणि गिऱ्हाइकाची कापडी पिशवी एवढ्यावर व्यवहार भागे. पुड्यावर कोणाचेच नाव नसे. दुकानदाराची पत त्याच्या तराजूवर आणि शब्दावर ठरे.

दुकानाचेच नाव मालावर येण्याचे या शहरातील ठळक उदाहरण म्हणजे कराची बेकरी. फाळणीनंतर येथे आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ साली मोअज्जमजाही मार्केटपाशी ती सुरू केली. तिच्या फ्रूट बिस्किटांचे खोके पाहुण्यांबरोबर परगावी जाऊ लागले आणि खोके हीच दुकानाची ओळख झाली. पुढे १९७७ च्या नियमांनी आवेष्टित मालावर उत्पादकाचे वा भरणाऱ्याचे नाव, पत्ता, वजन आणि किंमत छापणे बंधनकारक केले. गिऱ्हाइकाला दाद मागण्यासाठी छापील आधार मिळाला.

२००६ साली रिलायन्स फ्रेशची पहिली दुकाने याच शहरात उघडली. अशा साखळी दुकानांतून डाळी, मसाले, फरसाण स्वतःच्या नावाने विकण्याची प्रथा रुळली. कारखाना दुसऱ्याचा, नाव दुकानाचे. वेष्टन कसे असावे हे ठरविण्याचा अधिकारही अर्थातच नाव देणाऱ्याकडे आला. डाळीची एकपदरी पिशवी पुन्हा वितळवून वापरता येते. फरसाणाच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पापुद्रे एकमेकांस चिकटलेले असल्याने ते वेगळे करणे जिकिरीचे ठरते. भंगारवाला पहिली उचलतो, दुसरे टाकून देतो. मग त्याची वाट जवाहरनगरच्या कचरा-आगाराकडे जाते.

या पाकिटाचा धनी कोण? २०१६ च्या नियमांनी पुनर्वापर न होणारे बहुपदरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करण्याचे ठरविले. २०१८ च्या दुरुस्तीने जाळून ऊर्जा मिळू शकणाऱ्या वेष्टनांना त्यातून वाट करून दिली. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र मोठ्या साखळी दुकानांचा नाममुद्राधारकांत स्पष्ट उल्लेख करून वेष्टनाच्या विल्हेवाटीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. सूक्ष्म व लघु उद्योगांत मोडणाऱ्या दुकानांना तेवढे वगळले आहे.

आम्हांस हा बदल कायद्यापुरता वाटत नाही. जुना वाणी पुड्यावर नाव न छापताही मालाला जबाबदार असे. आज नाव ठळक छापले जाते; पण माल संपल्यावर ते पाकिटासह उकिरड्यावर पडते. दुकानांनी साधे, एकपदरी वेष्टन निवडावे, जिथे शक्य तिथे सुटा माल विकावा आणि गिऱ्हाइकांनीही घरचा डबा न्यावा, हीच छापलेल्या नावाची खरी राखण होय.